हक्क मागणारं गाव आणि हक्क सोडणाऱ्या लेकी

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

'माझ्या गावाचा इतिहास आणि गावातलं सामूहिक जीवन' असा विषय तुम्ही मला दिलात तेव्हा आधी थोडं हसू आलं. आमचं गाव आता गाव म्हणून किती उरलं आहे, हाच वादाचा मुद्दा आहे. डोंबिवली स्टेशनला उतरून रिक्षाने निघालात, तर शहर कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं हे तुम्हाला सांगता येणार नाही. आम्हाला येतं. जिथे नळाची धार बारीक होते, तिथे आमचं गाव सुरू होतं.

कल्याण-शीळ रस्त्याच्या आजूबाजूच्या, वर्तमानपत्रं ज्यांना 'सत्तावीस गावं' म्हणतात, त्यांतलं हे एक. निळजे, काटई, भोपर, संदप, घेसर, दावडी, पिसवली, द्वारली ही नावं तुम्ही मोर्च्यांच्या बातम्यांमध्ये वाचली असतील. माझ्या गावाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. गाव लहान आहे. गावाचं नाव घेतलं की माझ्या भावांचं घर सांगितल्यासारखंच होईल, आणि आज मला जे बोलायचं आहे ते एका घराबद्दल नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही गावात एक साधा खेळ घेतला. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला तो शिकवलेला होता. रांगोळी आणि खडे घेऊन जमिनीवर गावाचा नकाशा काढायचा. पुरुषांनी एकीकडे, बायकांनी दुसरीकडे. पुरुषांच्या नकाशात मुख्य रस्ता, देऊळ, कोणाची जमीन कुठपर्यंत, कुठली बिल्डरला गेली, कुठून मेट्रो जाणार, हे सगळं होतं. बायकांच्या नकाशात तीन विहिरी होत्या. त्यांतल्या दोन बुजलेल्या, तरी त्यांनी काढल्या. खाणीकडे धुण्याला जायची वाट होती, एमआयडीसीच्या पाइपलाइनवरचा नळ होता, अंधार पडल्यावर जिथून जायला भीती वाटते तो कोपरा होता. शेताच्या हद्दी मात्र एकीनेही काढल्या नाहीत. मी विचारलं, "शेतं कुठायत?" एक म्हातारी म्हणाली, "बाय, शेतान मी जल्मभर राबली. पन शेत कोनाचा, ता मना कसा ठावं?"

गावाचा इतिहास मी तुम्हाला या दोन नकाशांमधून सांगणार आहे.

हा मुलूख जुना आहे. कल्याण हे सातवाहनांच्या काळातलं भरभराटीचं बंदर. कल्याणच्या लोकांनी दिलेल्या दानांची नोंद कान्हेरीच्या लेण्यांमध्ये कोरलेली आहे. आमच्यापासून फार लांब नाही ते अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहार राजांच्या काळातलं. शाळेची सहल तिथे जायची, म्हणून ते आम्हाला माहीत. पण त्याच शिलाहारांच्या राजवटीतली आणखी एक वस्तू शाळेत कोणी दाखवली नाही. तिचं नाव गद्धेगाळ.

राजाने जमीन दान दिली की दगडावर लेख कोरून तो उभा करत. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर हे दान टिकेल. मध्ये लेख. आणि खाली गाढव आणि बाई यांचं चित्र. अर्थ असा, की हे दान जो मोडेल, त्याच्या आईवर ही वेळ येवो. ठाणे जिल्ह्यात असे दगड बऱ्याच ठिकाणी सापडले आहेत. जमीन देणारा पुरुष, घेणारा पुरुष, करार मोडणाराही पुरुषच, आणि शिक्षा मात्र त्याच्या आईच्या देहाला. जमिनीच्या कागदावर बाई कुठे असते, असं मला कोणी विचारलं तर मी या दगडापासून सुरुवात करते. हजार वर्षांपूर्वी ती शिवी म्हणून होती. सातबाऱ्यावर ती 'इतर हक्क' या रकान्यात आली. मधला प्रवास किती झाला, ते तुम्हीच ठरवा.

आता माझ्या आजीच्या काळाकडे येते. आमचा समाज आगरी. खाडीकाठी मिठाची आगरं आणि खारजमीन, आमच्या बाजूला आत आलं की भाताची खाचरं. पावसाआधी राब भाजायचा. त्यासाठी शेण, पालापाचोळा, गवत गोळा करून वाफ्यावर पसरायचं काम बायकांचं. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, आळीतल्या सगळ्या बायका आज एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. मजुरी द्यायची नाही, अंगमेहनतीची परतफेड अंगमेहनतीने. पाऊस सरला की आजी डोक्यावर गवताचा भारा नाहीतर भाजीची पाटी घेऊन पहाटे कल्याणच्या बाजारात चालत जायची. पैसे ती कनवटीला बांधायची, आणि घरी आल्यावर आजोबांच्या हातात द्यायची.

या जीवनात बाईला काहीच मान नव्हता असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे लग्न लावायला पूर्वी धवलारीण लागायची. हळदीपासून लग्नापर्यंतचे विधी ती गाण्यातून लावायची. ते धवले तिला तोंडपाठ. म्हणजे लग्न लावणारी पुरोहित बाई होती, आणि तीही बहुतेक निरक्षर. स्त्रिया धार्मिक विधी करू शकतात का, यावर शहरात परिसंवाद होतात. आमच्या आज्या ते करून मोकळ्या झाल्या होत्या. आज बहुतेक मांडवांत तिची जागा भटजींनी आणि डीजेने घेतली आहे. हळदीच्या एका रात्रीत दारू आणि मटणावर कर्ज काढून खर्च होतो. पुढे त्याच खर्चाचा हिशेब लेकीपुढे कसा मांडला जातो, ते सांगतेच.

जमिनीचं म्हणाल तर आमचे लोक बरेचसे कुळं. कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. फार मोठी गोष्ट झाली, तिचं महत्त्व मी कमी करत नाही. पण कसणारा म्हणून नाव लागलं ते आजोबांचं. राब भाजणारी, आवणी करणारी, भारे वाहणारी आजी कायद्याच्या भाषेत कसत नव्हती.

मग जमीन जायला लागली. खरं तर ती आधीपासून जात होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने नेवाळी परिसरातली शेतजमीन विमानांच्या धावपट्टीसाठी घेतली. युद्ध संपलं, शेतकरी पुन्हा ती जमीन कसू लागले, पण कागदावर ती परत आली नाही. त्या जागेला कुंपण घालायचं काम सुरू झालं, तेव्हा २२ जून २०१७ ला तिथे मोठा उद्रेक झाला, हे तुम्हाला आठवत असेल. साठच्या दशकात डोंबिवलीची एमआयडीसी आली. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली आणि आमची गावं न विचारता तिच्यात घातली गेली. कर शहराचा आणि सोयी गावाच्याही नाहीत, म्हणून गावं लढली. २००२ साली ती पालिकेतून बाहेर पडली, पुन्हा ग्रामपंचायती आल्या. २००६ साली नियोजनाचा अधिकार एमएमआरडीएकडे गेला. १ जून २०१५ पासून गावं पुन्हा महानगरपालिकेत. २०२० साली सरकारने त्यांतली अठरा गावं वगळायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. चाळीस वर्षं आमचं गाव चेंडूसारखं इकडून तिकडे फेकलं गेलं आहे.

या सगळ्या लढ्यात बायका होत्या. मोर्च्यात पुढे बायका, हंडे घेऊन बायका, रस्त्यावर बसायला बायका, कारण पोलीस बायकांवर हात टाकताना विचार करतात. मीही दहा-बारा वर्षांची असताना आईबरोबर गेले आहे. आमच्या घोषणेत 'हक्क' हा शब्द सारखा असायचा. आमच्या जमिनीवर आमचा हक्क. पण स्टेजवर एकही बाई नसायची. बैठक देवळात व्हायची, आणि बायका मागच्या बाजूला चहा करायच्या.

ग्रामपंचायत होती तेव्हा निदान एक फट होती. १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश, आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या. सरपंच बाईचा नवरा कारभार करायचा, हे आपण सगळ्या जाणतो. तरीसुद्धा ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागायची, आणि तिथे बायका पाण्याबद्दल, दारूबद्दल बोलायच्या. महानगरपालिकेतही निम्म्या जागा बायकांच्या आहेत, हे खरं. पण ग्रामसभा गेली. वॉर्ड एवढा मोठा, की आमच्या आळीतली बाई त्यात कुठेच दिसत नाही.

पाण्याचं दुखणं तर चालूच राहिलं. मे २०२२ मध्ये संदपजवळच्या दगडखाणीच्या पाण्यात धुणं धुवायला गेलेल्या एकाच घरातल्या पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. दोन बायका आणि तीन मुलं. चारी बाजूंना चाळीस-चाळीस मजल्यांच्या जाहिराती आणि बायका धुण्यासाठी खाणीवर. आठवा, बायकांच्या नकाशात खाणीची वाट होती. पुरुषांच्या नकाशात ती नव्हती.

आता मुख्य मुद्द्यावर येते.

ज्या जमिनीत भात पिकायचं तिला रस्त्यांमुळे, टोलेजंग वसाहतींमुळे, ग्रोथ सेंटरच्या बातमीने, विरार-अलिबाग मार्गाच्या आणि मेट्रोच्या आखणीमुळे अचानक सोन्याचा भाव आला. आणि भाव येताच लेकींची आठवण झाली. जमीन विकायची किंवा विकसित करायला द्यायची, तर घेणारा विचारतो, वारस किती? मग बहिणींना गाडी पाठवून बोलावलं जातं. साडी, जेवण, पाया पडणं, आणि मग दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही आणि अंगठा. मोबदला काही नाही. कागदावर लिहिलेलं असतं, 'प्रेमापोटी आणि राजीखुशीने'.

कायदा काय सांगतो, ते थोडक्यात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत ती जन्माने हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली ती सुधारणा केली, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. माझ्या सगळ्या आत्या त्यात गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, मुलाइतकीच जन्मतः हिस्सेदार झाली. त्या तारखेला बाप जिवंत असायला हवा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला. नसला तरी चालेल. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री उकरता येत नाही. म्हणजे कायदा आज आपल्या बाजूने आहे, आणि नेमक्या याच काळात हक्कसोडपत्रं वाढली आहेत.

मैत्रिणींनो, हे मी तुम्हाला कार्यकर्ती म्हणून सांगते आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे गेले तर ते खोटं होईल. मीही सही केली आहे.

२०१३ साली वडील गेले. २०१४ साली भावांनी कागद केले. मी एम.एस.डब्ल्यू. पूर्ण केलं होतं, एका संस्थेत कायदेविषयक शिबिरं घेत होते, फळ्यावर '२००५' लिहून बायकांना समजावत होते. माझं लग्न ठरलेलं होतं. मोठा भाऊ म्हणाला, "तुझ्या शिक्षणाला बाबांनी किती घातले, लग्नाला आम्ही घालतोय, हळद आपल्या इभ्रतीला शोभेल अशी करायची आहे." तो रागावून बोलला नाही, प्रेमानेच बोलला. आईने आधी सही केली, मग माझ्याकडे पाहिलं. मी कागद वाचला, समजला, आणि सही केली. वकील मैत्रीण नंतर म्हणाली, की नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र, आणि तेही तू वाचून केलेलं, आता फिरवणं जवळपास अशक्य.

म्हणून कोणी म्हणतं, बायका अडाणी आहेत म्हणून सह्या करतात, तेव्हा मी हात वर करते. मी अडाणी नव्हते. मग का केली? कारण माहेर. नवऱ्याने टाकलं, सासरी मारझोड झाली, तर जायला ती एकच जागा आहे असं आपल्या हाडीमाशी भिनलेलं असतं. एक बाई मला म्हणाली, "सही नाय केली तर भाऊबीजेला कोनाकडं जाऊ?" आपण हिस्सा सोडून माहेर विकत घेत असतो. ते टिकतंच असं नाही. माझी आई आज मुलांच्या घरी महिना-महिना वाटून राहते. ज्या जमिनीत ती तीस वर्षं राबली, तिच्यातल्या स्वतःच्या वाट्यावर तिने त्याच टेबलावर सही केली होती.

आपल्या चळवळीनेही हा प्रश्न उशिरा हातात घेतला. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या काळात 'लक्ष्मीमुक्ती' झाली, १९८९-९० च्या सुमारास. नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली, मोठं काम झालं. पण त्यात नवरा स्वखुशीने देणारा होता. बहीण भावाकडे मागते तेव्हा ती दान मागत नाही. घरातलं हे भांडण काढायला आपण कचरलो, कारण ते आपल्याही घरातलं आहे.

गेली काही वर्षं आम्ही गावात एक छोटं काम करतो. त्याचं नाव नाही, फलक नाही. बायका त्याला 'कागद वाचायचा बुधवार' म्हणतात. जिच्याकडे कुठलाही कागद आला, तिने तो सही करण्याआधी आणायचा. आम्ही मोठ्याने वाचतो. हक्कसोडपत्र आहे का, कुलमुखत्यारपत्र आहे का, संमतीपत्र आहे का, सांगतो. सही करू नको असं आम्ही सांगत नाही. तो अधिकार आम्हाला नाही, मला तर नाहीच. आम्ही एवढंच म्हणतो, आठ दिवस घे. सातबारा बघ, तो आता मोबाइलवरही दिसतो. वारस म्हणून तुझं नाव लागलं आहे का बघ. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, ते घरात कोणी सांगत नाही.

यश किती? थोडं. बहुतेक जणी वाचून घेतात आणि तरी सही करतात. पण एका घरातल्या तीन बहिणी एकत्र आल्या. एकटी असती तर ती वाईट ठरली असती, तिघींना वाईट ठरवणं अवघड गेलं. त्यांनी पूर्ण वाटा मागितला नाही. एक खोली मागितली, तिघींच्या नावावर, कोणावरही वेळ आली तर राहायला. दीड वर्ष बोलणं बंद होतं. शेवटी खोली मिळाली. कायद्याने मिळायला हवं होतं त्याच्या मानाने हे फार कमी आहे, हे त्यांनाही माहीत आहे. पण ते माहेर आता कागदावर त्यांचं आहे, कोणाच्या मर्जीवर नाही.

आणखी एक सांगायला हवं. गावाच्या टोकाला कातकरी पाडा आहे. आमच्या शेतात राब भाजायला, वीटभट्टीवर राबायला तिथल्या बायका यायच्या. आम्ही बहिणी वाट्याबद्दल बोलतो, त्यांच्या पायाखालची घराची जागाही त्यांच्या नावावर नाही. जमीन विकली गेली की सगळ्यात आधी पाडा उठतो. आम्ही जेव्हा 'गावाच्या बायका' म्हणतो, तेव्हा त्यांना धरतो का, हा प्रश्न मागच्या महिन्यात त्यांच्यातल्याच एकीने बुधवारच्या बैठकीत विचारला. उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला.

तर माझं तुम्हाला मागणं साधं आहे. परत गेल्यावर प्रत्येकीने आपल्या माहेरचा सातबारा काढा. नाव आहे का बघा. नसेल तर कधी गेलं, कुठल्या फेरफाराने गेलं, ते शोधा. सही केली असेल तर तेही मोकळेपणाने गटात सांगा, लाज धरू नका. पुढच्या शिबिरात ते कागद घेऊन या. आपण नकाशा पुन्हा काढू, आणि या वेळी शेतांच्या हद्दी बायकांनी काढायच्या.

माझा कागद मी आणला आहे. जेवणानंतर तोच आधी वाचू.